दुसरं कडवं

सिंधूताईंना त्या गाण्याचं दुसरं कडवं तोंडपाठ होतं, आणि ते कुणालाही सांगायचं नाही हे त्यांनी वीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

म्हणून त्या दिवशी सकाळी निशांत मोटारसायकल लावून आत आला, आणि नुकतीच भोपाळहून उतरलेली मुग्धा तोंडही न धुता त्याच्यासमोर कोरी वही उघडून बसली, तेव्हा सिंधूताई पोह्यांची कढई गरजेपेक्षा जरा जोरातच हलवायला लागल्या.

"पहिलं येतंय," निशांत म्हणाला. "'केस बांध, दार लाव, हळू बोल जरा, तिवारी आंटींचा कान फार तिखट बरा.' मग हट् हट् हट्. मग दुसरं. दुसऱ्यात जिना होता."

"जिना नक्की होता," मुग्धा म्हणाली. "जिना, आणि मग काय? पुदिना?"

"पुदिना नव्हता."

"तुला काय माहीत? तू डोळे मिटून ड्रम बडवायचास."

"डोळे मिटून बडवायचो, कान मिटून नाही. पुदिना असता तर आठवला असता. माझं मेडिकलचं दुकान आहे बाई, रोज दहा जणांना पुदिन हरा देतो."

मुग्धाची तेरा वर्षांची तन्वी सोफ्यावर आडवी पडून मोबाइल बघत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलताना अर्ध्या वाटेत हिंदी तिला उचलून न्यायची. "आजी, सच्ची में मम्मी गायची?"

"गायची कसली, ओरडायची," सिंधूताई म्हणाल्या.

"आई, तू रोज खालीच तर असायचीस," मुग्धानं मान वळवली. "तुला काही आठवतं का गं?"

"मला काय आठवणार? धडाडधूम, धडाडधूम. मला वाटायचं तुम्ही पाण्याची टाकी फोडताय."

आणि त्यांनी पोह्यांवर झाकण घातलं.

झालं होतं असं. शेजारच्या तिवारींचा नीरज, जो वीस वर्षांपूर्वी दहा वर्षांचा होता आणि शेजारच्या गच्चीवरून टक लावून यांचा गोंधळ ऐकायचा, तो आता तिशीचा होऊन समारंभांची कामं घ्यायला लागला होता. लग्नं, वाढदिवस, शाळांची स्नेहसंमेलनं असं सगळं करून करून त्याच्या डोक्यात आलं की झाँसीत एकदा आपल्या आवडीचं काहीतरी करावं. बरुआसागरच्या रस्त्यावर एक मोकळं मैदान त्यानं भाड्यानं घेतलं, दिल्ली-इंदूरकडचे पाच बँड बोलावले, आणि जूनच्या पहिल्या शनिवारी पॉप-पंक फेस्टिव्हल जाहीर केला. सहावा बँड झाँसीचा. "दीदी, 'हाकारा' के बिना मैं ये फेस्टिवल नहीं करूँगा," असं त्यानं मुग्धाला फोनवर सांगितलं. ज्या बँडनं जन्मात एकदाही माणसांसमोर वाजवलं नव्हतं, त्या बँडला.

माणसांसमोर नाही, पण माकडांसमोर भरपूर.

दोन हजार पाचचा उन्हाळा. सिपरी बाजारातलं हेच घर, हीच गच्ची. सिंधूताईंचं वाळवण म्हणजे सगळ्या मराठी घरांत बोलायचा विषय. झाँसीत मराठी घरं मोजकी, त्यातली निम्मी कुरडया-पापडांना सिंधूताईंच्याच भरवशावर. जवळच्या मोठ गावच्या बाजारातून गहू यायचा, तीन दिवस भिजायचा, चीक निघायचा, आणि पहाटे गच्चीवर जुन्या धोतरांवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांची रांगोळी पडायची. मग माकडं यायची. पन्नास-पन्नासाची टोळी. काठी दाखवली तर ती काठीच घेऊन जायची.

त्याच सुमाराला मुग्धा, तिचा आतेभाऊ मुकुल आणि खंडेराव गेटजवळ राहणारा निशांत यांना तालमीला जागा हवी होती. निशांतच्या घरी आजोबांना हृदयविकार, मुकुलच्या घरी मुकुलचे बाबा. मुग्धा आईसमोर उभी राहिली ती तयारीत, की आता नाही म्हणेल, मग आपण भांडायचं. सिंधूताईंनी विचारलं एवढंच, "आवाज किती होतो?"

"खूप होतो," मुग्धा म्हणाली. खोटं बोलून फायदा नव्हता.

"सलग किती वेळ?"

"दोन-तीन तास."

"मग दहा ते चार करा. जिन्याच्या डोक्यावर पत्र्याची खोली आहे, दार गच्चीकडे उघडं ठेवायचं. माकड दिसलं की थांबायचं नाही, वाढवायचं."

असा तो बँड सुरू झाला. अंगाची लाही करणाऱ्या पत्र्याखाली तिघं घामाघूम होऊन वाजवायची, बाहेर कुरडया वाळायच्या, आणि पलीकडच्या पिंपळावर माकडांची टोळी तोंड पाडून बसलेली असायची. कोरसचं 'हट् हट् हट्' हे गाण्यात पुढे आलं, आधी ते माकडांसाठीच होतं. बँडचं नाव मुकुलनं ठेवलं, हाकारा. त्या वर्षी सिंधूताईंची एकही कुरडई गेली नाही.

"ये पंक होता क्या है, भाभी?" तिवारीणबाईंनी एकदा कुंपणावरून विचारलं होतं. सिंधूताईंनी मुग्धाला विचारून उत्तर दिलं होतं, "तीन सुर, खूब सारी स्पीड, और घरवालों की शिकायत."

या शिकायतीतूनच पुढचं सगळं आलं.

सिंधूताई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. एकविसाव्या वर्षी कानाला हेडसेट लागला तो पुढे पंधरा वर्षं निघाला नाही. तेव्हा ट्रंक कॉल लावून द्यावा लागायचा, आणि लाइन खराब असली की दोन टोकांच्या माणसांना एकमेकांचं काही कळायचं नाही, फक्त मधल्या ऑपरेटरला कळायचं. मग ऑपरेटर मध्ये पडून एकेक वाक्य पलीकडे पोचवायची. "ते म्हणतायत, मुलगी झाली." "त्या विचारतायत, बाळंतीण कशी आहे." खरखरीतून शब्द वेचायची अशी सवय झाली की घरात प्रेशर कुकर, पंखा आणि रेडिओ एकदम चालू असले तरी सिंधूताईंना बाहेरच्या खोलीतली कुजबुज ऐकू यायची. पण पहिल्याच दिवशी सुपरवायझर अरुंधतीबाईंनी समोर बसवून सांगितलं होतं, "सिंधू, लाइनवर जे ऐकशील ते तुझं नाही. बोलायचं नाही, हसायचं नाही, त्या माणसाला बाजारात ओळख दाखवायची नाही." सिंधूताईंनी ते इतकं मनावर घेतलं की डॉक्टरांच्या, वकिलांच्या, शेजाऱ्यांच्या शंभर भानगडी त्यांच्या पोटात बसल्या, आणि नवऱ्याला, गजाननरावांनासुद्धा, त्यांनी त्यातली एकही कधी सांगितली नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांची सकाळची ड्यूटी. तोवर ट्रंक बोर्ड कधीच निघून गेलं होतं, त्या बिलांच्या काउंटरवर बसायच्या. दीडला घरी, जेवण, मग खालच्या खोलीत कूलरसमोर चटईवर पाठ टेकायची. वरून धडाडधूम. आणि दुपारी रोजच्यासारखी लाइट जायची. कूलर थांबायचा. वर दोन्ही गिटारी मुक्या व्हायच्या. उरायचे निशांतचे ड्रम, आणि पोरीचा उघडा आवाज.

तेव्हा सिंधूताईंना ते कडवं ऐकू आलं.

खाली तू, वर मी, मध्ये एक जिना,
तुझं सगळं आयुष्य पापडाचा महिना.
गच्चीच्या पलीकडे पाऊल नाही टाकलं,
मलाही उन्हात पसरून वर फडकं झाकलं.

पहिल्या दिवशी त्या उठून बसल्या. दुसऱ्या दिवशी पडून राहिल्या. मग लाइट गेली की त्या वाट बघायच्या. चार वाजता वर जाऊन कुरडया गोळा करायच्या, तिघांना पन्ह्याचे पेले द्यायच्या, आणि मुग्धा विचारायची, "फार आवाज झाला का गं?" त्या म्हणायच्या, "मला काय, मी झोपले होते."

जूनमध्ये कॉलेजच्या मैदानावर यांचा पहिला कार्यक्रम ठरला आणि त्याच संध्याकाळी असं वादळ आलं की मांडव उडून शेजारच्या शाळेत जाऊन पडला. पुढे मुकुलला हैदराबादला नोकरी लागली, मुग्धा बँकेची परीक्षा पास झाली. गाण्यांची वही घर रंगवताना गेली. गजाननराव सहा वर्षांपूर्वी गेले. कडवं तेवढं राहिलं, सिंधूताईंकडे, सुखरूप.

मुग्धा शुक्रवारभर नवं कडवं लिहीत होती. जिना-पुदिना, जिना-नगीना.

"नीट आहे," निशांत संध्याकाळी म्हणाला.

"नीट आहे म्हणजे वाईट आहे."

"अगं, एकोणचाळीस वर्षांच्या बाईनं लिहिल्यासारखं वाटतंय. त्या वेळी कसं चिडून होतं सगळं."

"कशावर चिडले होते तेच आठवत नाहीये ना." मुग्धानं पान फाडलं. "निशांत, मी अर्धं गाणं घेऊन स्टेजवर जाणार नाही. नीरजला सांगते, हिंदीतलं एखादं चालू गाणं म्हणून उतरते."

"मग कशाला आलो आपण? ते गाणं तर झाँसीतली कुणीपण पोरगी म्हणेल."

मुग्धानं वही मिटून टाकली. सिंधूताई स्वयंपाकघरात कैऱ्या किसत होत्या. मुलीचं ते वही मिटणं त्यांना सगळ्यात स्पष्ट ऐकू आलं.

शनिवारी पाच वाजता ऊन अजून कपाळावर होतं. मैदानावर पाण्याचा फवारा मारणारे मोठे पंखे लावले होते आणि त्यांच्यासमोर पोरांची ही गर्दी. काळे टी-शर्ट, काळी नखं, एका मुलीचे केस मोरपिशी. जलजीऱ्याच्या ठेल्याशेजारी कुणीतरी गोंदवून घेत होतं. सोळा वर्षांखालच्यांबरोबर मोठं माणूस हवं, असा नियम, आणि मुग्धा स्टेजमागे असणार, म्हणून तन्वीसाठी सिंधूताई. हिरवी सुती साडी, डोक्यावर ओला पंचा, हातात थर्मास.

फाटकावरच्या मुलानं त्यांच्या मनगटावर कागदी पट्टा बांधला. "दादीजी, आप भी?"

"क्यों, ऊपर की उमर की भी कोई लिमिट है?"

"नहीं नहीं, दादीजी. स्वागत है."

"दादी किसको बोला? आंटी बोलो."

तन्वी लाजून दोन पावलं पुढे गेली, पण हसत होती.

स्टेजमागच्या तंबूत मुग्धा खुर्चीवर बसली होती, मांडीवर गिटार. निशांत आपल्या गुडघ्यांवर काड्या आपटत होता. मुकुलला सुट्टी मिळाली नव्हती, त्याच्या जागी नीरज स्वतः वाजवणार होता. आता तो हातात वॉकीटॉकी घेऊन उभा.

"दीदी, फायनल बता दो. कौन सा गाना?"

"हिंदीवाला," मुग्धा म्हणाली. "वो वाला रहने दे, नीरज. पूरा याद ही नहीं है."

"अरे दीदी, मम्मी भी आई हैं सामने. उनको बोल के लाया हूँ कि आपका नाम है गाने में."

"सॉरी रे."

नीरजचा चेहरा उतरला, पण तो या धंद्यात मुरलेला होता, ठीक आहे म्हणून वळला. सिंधूताई तंबूच्या तोंडाशी उभ्या होत्या. थर्मास द्यायला आल्या होत्या. त्यांना वाटलं, आता आपण गप्प बसलो तर संपलंच. कोणी विचारणार नाही, कोणाला कळणार नाही, रात्री घरी जाऊन वरण-भात. आणि ही पोर वीस वर्षांनी इथपर्यंत येऊन दुसऱ्याचं गाणं म्हणून परत जाणार.

"नीरज, रुको ज़रा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पदर खोचला, आणि एक्सचेंजमधल्या त्या सपाट, कुणाच्याच नसलेल्या आवाजात एकेक ओळ थांबत थांबत सांगितली. खाली तू, वर मी, मध्ये एक जिना. तुझं सगळं आयुष्य पापडाचा महिना. निशांतच्या काड्या थांबल्या. गच्चीच्या पलीकडे पाऊल नाही टाकलं. मुग्धाचे ओठ आपोआप हलायला लागले आणि शेवटच्या ओळीला ती आईच्या अर्धा शब्द पुढे होती.

"हेच," निशांत हळूच म्हणाला. "महिना. पापडाचा महिना."

मुग्धा गिटार बाजूला ठेवून उभी राहिली. "तुला ऐकू यायचं?"

"लाइट गेली की सगळंच ऐकू यायचं."

"रोज?"

"रविवारी तालीम नसायची."

"आई, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू मला सांगत नव्हतीस. तू तुझ्या मित्रांमध्ये म्हणत होतीस. मध्ये माझा कान आला, तर तो माझा दोष."

निशांतनं नीरजला दंडाला धरून बाहेर नेलं.

"मी हे नाही म्हणणार," मुग्धा म्हणाली. "तू समोर उभी असताना तर मुळीच नाही. काय अक्कल होती गं मला? तू पहाटे पाचला उठून ड्यूटीला जायचीस, आणि मी वर बसून… बाबांनी तुला जबलपूरच्या ट्रेनिंगला जाऊ दिलं नाही, त्याचा राग मी तुझ्यावर काढला."

"बाबांनी?" सिंधूताई खुर्चीवर बसल्या. "तुला कुणी सांगितलं बाबांनी?"

"कुणी सांगायला कशाला हवं? सुपरवायझर होणार होतीस, गेली नाहीस."

"मुग्धा, माझं होल्डॉल बाबांनी बांधलं होतं. तुला दोन वेण्या घालायला शिकले होते माझ्याकडून, तीन महिने घालाव्या लागणार म्हणून. पहाटेची गाडी होती. आदल्या संध्याकाळी मीच ते सोडलं. म्हटलं, नाही जात, पोर लहान आहे. पोर लहान नव्हती, पाच वर्षांची होतीस, मजेत होतीस. मला भीती वाटली. नवं गाव, नवी माणसं, हाताखाली बारा बायका. बस, एवढंच. ते बिचारे काही बोलले नाहीत. लोक त्यांना म्हणायचे, बायकोला जाऊ दिलं नाही, तर ऐकून घ्यायचे."

बाहेर कुठल्या तरी बँडचं गाणं संपलं आणि पोरं ओरडली.

"तर तुझ्या कडव्यात एक ओळ चुकीची आहे," सिंधूताई म्हणाल्या. "शेवटची. मी तुला झाकलं नाही. खरं म्हणजे तुमच्याशिवायही गच्ची राखता आली असती, माकडं काय, दुसरं कुणी राखायला बसवलं असतं. मी तुम्हाला वर वाजवू दिलं, ते मुद्दाम. तिसरी ओळ मात्र बरोबर आहे. ती मला कुणी तोंडावर म्हटली नाही आजवर. ती म्हण."

"आणि शेवटची?"

"तू लिहिलीस, तू बघ."

"सात मिनिट, दीदी," नीरज बाहेरून म्हणाला.

मुग्धानं डोळे पुसले, त्याबरोबर काजळही गालावर आलं, आणि त्या मैदानावर ते अगदी शोभून दिसलं. "आई, तू मागे उभी राहा हं. पुढे धक्काबुक्की होते."

"बरं," सिंधूताई म्हणाल्या, आणि बाहेर येऊन मागे उभ्या राहिल्या. तन्वीनं मोबाइल वर धरला होता.

दिवस कलत होता. मुग्धा स्टेजवर आली तेव्हा गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी "आंटी" म्हणालं, आणि निशांतनं कुणाला वेळच दिला नाही. धडाडधूम. पहिलं कडवं. तिवारीणबाईंचं नाव आलं तशी खुर्च्यांकडून एक बाई उठून हात हलवायला लागली. 'हट् हट् हट्' ला मराठी यायची गरज नव्हती. तिसऱ्या वेळेला तर पोरंच म्हणायला लागली, मोरपिशी केसांची मुलगी उड्या मारत होती, आणि पंख्यांचा फवारा सगळ्यांच्या डोक्यावरून मावळतीच्या उन्हात उडत होता. कुणालाही न दाखवता सिंधूताईंनी पंचा सोडून खांद्यावर घेतला.

मग गिटारी थांबल्या. नीरजनं मुद्दामच थांबवल्या असणार. फक्त ड्रम, आणि मुग्धाचा आवाज, वीस वर्षांनी जाडसर झालेला. खाली तू, वर मी.

मोरपिशी मुलगी उड्यांच्या लाटेबरोबर मागे सरकत सरकत सिंधूताईंच्या शेजारी आली होती. धापा टाकत तिनं विचारलं, "आंटीजी, ये क्या लैंग्वेज है? आपको आती है?"

"मराठी है."

"क्या बोल रही हैं?"

सिंधूताईंनी सवयीनं सुरुवात केली. "कह रही है, नीचे तू है, ऊपर मैं हूँ, बीच में एक सीढ़ी है. कह रही है, तेरी सारी ज़िंदगी पापड़ सुखाने में गई."

"किसको बोल रही हैं?"

"अपनी माँ को."

"ओह. मेरी मम्मी का भी सेम है," मुलगी म्हणाली. "फिर?"

"कह रही है, तूने छत के उस पार कभी पैर नहीं रखा."

मुग्धानं तिसरी ओळ दुसऱ्यांदा घेतली, आणि या वेळी ती गर्दीवरून थेट मागे बघत होती. चौथी ओळ तिनं म्हटलीच नाही. तिथं तिनं माइकपासून तोंड बाजूला घेतलं आणि नुसती उभी राहिली, आणि निशांतनं ती जागा एकट्यानं वाजवून काढली.

"और माँ ने क्या कहा?" मुलीनं विचारलं.

ऑपरेटरनं स्वतःचं काही बोलायचं नसतं. सिंधूताईंनी थर्मास तन्वीच्या हातात दिला.

"माँ मैं हूँ," त्या म्हणाल्या. "और मुझे यहाँ से ठीक से दिखाई नहीं दे रहा."

मुलीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, एकदा स्टेजकडे. मग ती पाठ वळवून गर्दीत घुसली, दोन्ही कोपरांनी जागा करत. "हटो यार, आंटी को आगे जाना है. अरे सुन, हट ना. इनकी बेटी है वो."

पोरं बाजूला होत गेली. सिंधूताईंनी निऱ्या एका हातात धरल्या आणि तिच्या मागोमाग चालायला लागल्या.